सुताराची खालची ओळ

तीन टेकड्यांच्या बेचक्यातल्या एका जंगलात एक सुतार पक्षी राहत असे, आणि स्वस्थ बसणं काही त्याच्या रक्तात नव्हतं. प्रत्येक टेकडीवर एकेक वैद्य होता. पहिलीवर म्हातारं साळिंदर, दुसरीवर वानर, तिसरीवर घोरपड. तिघंही हुशार, तिघंही रोज नवी औषधं करून बघणारी, पण एकाचं दुसऱ्याला ठाऊक नसायचं. सुतार तिन्हीकडे उडायचा आणि तळमळायचा. पोटदुखीवर साळिंदराने मुळी शोधली, तरी वानर अजून पाला कुटतच बसलेला! शेवटी त्याने पाणवठ्यावरचं एक वठलेलं ऐनाचं झाड निवडलं आणि त्यावर भोकं कोरली. एका आजाराची एक ओळ, ओळीत तिघांची तीन भोकं. "औषध लागू पडलं की त्याचं पान, साल, मुळी, जे असेल ते आपल्या भोकात खोचा. दुसऱ्यांनी बघा आणि शिका," तो म्हणाला. कुणी नवं काही खोचलं की तो खोडावर टकटक करायचा आणि तिन्ही टेकड्यांवर कळायचं. महिन्याभरात झाड असं भरलं, बाळांनो, की पाणी प्यायला आलेले प्राणी माना वर करून बघत राहायचे. सुताराला मात्र एक कळेना. झाड एवढं भरलंय, तरी आजारी जनावरं या टेकडीवरून त्या टेकडीवर का फिरतायत?

एके दिवशी एक हरिणी आली. तिच्या मागे तिचं पाडस तीन पायांवर उड्या मारत होतं. चौथ्या पायाचा खूर सुजून भोपळ्याएवढा झालेला.

"सुतारभाऊ, खुराच्या सुजेची ओळ कोणती?"

"ही बघ, वहिनी. पण रिकामी आहे. अजून कुणी काही करून पाहिलेलं नाही."

हरिणीने मान झटकली. "करून पाहिलं नाही? साळिंदरबाबांनी काटेसावरीची साल बांधली, चार दिवस. सूज चढली. वानरदादांकडे गेले, त्यांनी तीच साल बांधली. आणखी चार दिवस गेले. आता घोरपडमावशीकडे गेले, तर तिच्या दारात तीच साल वाळत घातलेली! इकडचं गवत संपलंय, भाऊ. चौथ्या दिवशी कळप नदीपलीकडे जाणार. ज्याला चालवत नाही, ते मागे राहणार. आणि मागे कोण टपलेलं असतं, ते तुला मी सांगायला हवं?"

सुतार थेट साळिंदराकडे गेला. "बाबा, साल फसली, हे का नाही कळवलंत?"

"कुठं कळवू?" साळिंदर काटे फुलवत म्हणालं. "तसं भोक कोरलंयस का तू? आणि कोरलं असतंस तरी सगळं जंगल जिथं पाणी पितं, तिथं मी माझी फजिती टांगू? खुळा समजलास मला?"

वानराने तर पाठच फिरवली. "आधी बाबांना सांगू दे. मग बघू."

सुतार परत आला आणि दुपारभर कोरत राहिला. झाडाच्या बुंध्याशी, कुणाचाही हात पोचेल अशी, एक नवी ओळ त्याने केली. "ही फसलेल्या औषधांची!" अशी आरोळी ठोकली, टकटक केली. कुणी आलं नाही. तो या फांदीवरून त्या फांदीवर उडत राहिला. एक अख्खा दिवस असाच गेला. पाडस पाण्याशी पडून होतं, आता उठतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर गर्दी जमली. सुताराने त्याच झाडाचा एक ढलपा तोडला, सगळ्यांसमोर खालच्या ओळीतल्या पहिल्या भोकात ठोकला आणि म्हणाला, "हे माझं. झाड मी चुकीचं कोरलं. जमलेलं मिरवायला जागा ठेवली, फसलेलं सांगायला ठेवलीच नाही. त्यापायी या पोराचे आठ दिवस वाया गेले."

"अरे, सुताराचीच फसली की!" कावळा खो खो हसला.

"हो बाजूला, काळतोंड्या!" गर्दीतून साळिंदर वाट काढत आलं. तोंडात सालीचा तुकडा होता. तो भोकात कोंबून ते गुरगुरलं, "मी ओली बांधली. सूज चढली. हसायचं असेल त्यांनी हसून घ्या."

कुणी हसलं नाही. मग वानर खाली उतरला. "मी वाळवून बांधली. खूर उकलला."

घोरपड बराच वेळ दोन्ही तुकड्यांकडे जीभ काढून बघत राहिली. "मी आज तिचीच पूड करून बांधणार होते," ती हळूच म्हणाली. "पण ओली बांधली तरी बिघडलं, वाळकी बांधली तरी बिघडलं. मग बिघडवतंय ते बांधणंच! सोडा ती साल. पाय उघडा ठेवा आणि नदीकाठच्या उन्हाच्या वाळूत उभं करा पोराला."

तिघांनी मिळून पाडसाला वाळूत नेलं. पहिल्या दिवशी पू वाहून गेला, दुसऱ्या दिवशी सूज उतरली. तिसऱ्या सकाळी कळप निघाला. सर्वांत शेवटी हरिणी होती, आणि तिच्या पोटाला घासत पाडस. पाडसाने पाण्यात एक पाय टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. मग जरा कचरलं आणि चौथाही टेकवला.

तात्पर्य : आपलं काय जमलं हे सांगणाऱ्याची वाहवा होते, पण काय फसलं हे वेळेवर सांगणाऱ्यामुळे दुसऱ्याचा जीव वाचतो, म्हणून चार जणांनी मिळून शिकायचं असेल, तर चुकांना सगळ्यांच्या हाताशी जागा ठेवावी.