मचाणाखालची पंगत

एका गावात एक भोळा माणूस होता, नाव उरकुडा, आणि त्याला तुरुंगात धाडायचं की नाही यावरून जंगलनाक्यापुढे कडाक्याचं भांडण जुंपलं होतं.

"ह्यालाच न्या!" गुणवंतराव मालगुजार ओरडत होते. गावातली मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, कधीच गेली होती, पण आवाज गेला नव्हता. "मीठ ह्यानं टाकलं. मोहफुलं ह्यानं पसरली. चितळांना आमिष ह्यानं दाखवलं. माझा काय संबंध?"

"एवढी अक्कल त्याले असती तर काय पाहिजे होतं!" पार्बता कडाडली. ती उरकुड्याची बायको. "मागच्या बाजारी म्हटलं, वांगी पाहून ये. तर पाहून आला. रिकामी पिशवी घेऊन सांगते मले, छान आहेत म्हणून."

"छानच होती," उरकुडा म्हणाला.

पार्बताला तुरुंगाची भीती नव्हती, नवऱ्याची होती. तिथं कुणी 'बस' म्हटलं आणि 'ऊठ' म्हणायचं विसरलं, तर हा माणूस जन्मभर बसून राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मडावी नाकेदारानं वही उघडली. जंगलाची राखण त्याच्याकडे. "मालक, जनावर मेलं नाही तरी फरक पडत नाही. मारायचं म्हणून आमिष टाकलं, की कायद्यानं ती शिकारच. कुणी टाकलं, एवढंच मला लिहायचंय."

"मी," उरकुडा म्हणाला.

पार्बतानं कपाळावर हात मारला.

झालं होतं ते असं. गुणवंतरावांना चितळाचं मटण खायची हौस आली. त्यांनी उरकुड्याला पाच किलो खडेमीठ दिलं. "हरणं रोज जिथं येतात, तिथं टाकून ये. मीठ चाटायला येतील."

उरकुडा म्हणाला, "बरं जी." सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळी अडचण तीच होती.

हरणं रोज यायची ती गुणवंतरावांच्या हरभऱ्यात. उरकुड्यानं पाचही किलो हरभऱ्यात फेकलं. आठ दिवसांत हरभरा पिवळा पडला.

"अबे गाढवा!" मालगुजार म्हणाले. "बोडीच्या काठावर टाकायचं, तळ्यावर! आधी खायला ठेवायचं. मग आडोशाला दबून बसायचं. हूं नाही, चूं नाही. खाणाऱ्यानं तोंड खाली घातलं की शीळ घालायची. पुढचं मी बघतो."

उरकुडा म्हणाला, "बरं जी."

दुसऱ्याच दिवशी मालगुजारांच्या लेकीला पाहायला पाहुणे आले. पोहे झाले, पसंती झाली, पानं मांडली. वाढायला उरकुडा. त्यानं भात वाढला, वरण वाढलं, आणि जाऊन कणगीमागे दबून बसला. हूं नाही, चूं नाही. नवऱ्या मुलाच्या बापानं पहिल्या घासाला मान खाली घातली. उरकुड्यानं शीळ घातली.

सवय वाईट. शीळ ऐकली आणि गुणवंतराव आतल्या खोलीतून बंदूक घेऊनच बाहेर आले.

पाहुणे खरकट्या हातानं पळाले. एकाची चप्पल अजून मालगुजारांच्या ओसरीवर आहे.

मालगुजारांच्या आईनं उरकुड्याला धरलं. "मेल्या, जेवत्या माणसाला ताटावरून उठवतात का रे? समोर उभं राहावं. आग्रह करावा. हातावर पाणी घालावं. आणि वेशीपर्यंत पोचवून यावं. कळलं?"

उरकुडा म्हणाला, "बरं जी."

मोडलेल्या सोयरिकीचा राग मालगुजारांनी चितळांवर काढायचं ठरवलं. दिवस कलताना बोडीच्या काठावर मीठ पडलं, टोपलंभर मोहफुलं पडली. मालगुजार बंदूक घेऊन झाडावरच्या मचाणावर चढले. उरकुडा झुडपामागे बसला. सात चितळं आली आणि खाली माना घालून खाऊ लागली.

मालगुजारांनी नेम धरला आणि ते शिळेची वाट पाहू लागले.

उरकुडा उठला. टोपलं काखेत, हातात तांब्या.

"घ्या, घ्या, लाजू नका," तो चितळांना म्हणाला. "तुम्ही तर काहीच घेतलं नाही!"

चितळं उधळली.

"अबे, थांब!" वरून मालगुजार.

"थांबा म्हणतात जी मालक!" उरकुडा चितळांना ओरडला. "हात तरी धुवा!" आणि तांब्या घेऊन मागे धावला. वेशीपर्यंत पोचवायचं होतं ना. चितळं गेली जंगलात. उरकुडा धापा टाकत गेला थेट जंगलनाक्यावर.

"साहेब, आमचे पाहुणे इकडून गेले का? सात जण होते. ठिपक्याचे."

"कुणाचे पाहुणे?"

"मालगुजारांचे. ते मचाणावर बसले आहेत. बंदूक जड आहे, म्हणून पोचवायला मी आलो."

नाकेदारानं जाऊन मालगुजारांना बंदुकीसकट खाली उतरवलं. तेव्हापासून हे भांडण.

"बंदूक कुणाची?" नाकेदारानं आता विचारलं.

गुणवंतराव उरकुड्याच्या कानाशी लागले आणि बराच वेळ कुजबुजले. उरकुड्यानं मान डोलावली.

"बंदूक माझी," उरकुडा खणखणीत म्हणाला. "तू 'माझी' म्हण, मालकाचं नाव घेऊ नको, असं मालकांनी आत्ता सांगितलं. म्हणून माझी."

नाक्यापुढची माणसं फसकन हसली. मालगुजारांचं तोंड वांग्यासारखं झालं. पण माणूस जुना, हटेना.

"बरं, असेल माझी! पण गोळी झाडली का मी? मुकी जनावरं उपाशी होती. मी त्यांना खाऊ घातलं. अन्नदान केलं! अन्नदान गुन्हा आहे का? लिहा तुमच्या वहीत, गुणवंतरावांनी अन्नदान केलं!"

हसणं थांबलं. अन्नदान म्हणजे पुण्याचं काम. एकदोन म्हाताऱ्यांनी तर मानाही डोलावल्या. नाकेदाराची लेखणी अडली. तेवढ्या आधारावर मालगुजारांनी फेटा सारखा केला आणि उरकुड्याकडे बोट दाखवलं.

पार्बतानं पदर खोचला आणि ती पुढे आली.

"मालक," ती म्हणाली, "अन्नदान करणारा माणूस जेवणाऱ्याच्या पुढ्यात उभा राहून वाढते, झाडावर चढून त्याची मान खाली जायची वाट नाही पाहत."