पहिल्या खोलीचा कॉक

“पंप नवा, बॉयलर तापलेला. मग गोदाक्का अजून का कुडकुडतेय?”

आमचे गुरू सोमगिरीबाबा यांनी विचारलं, तेव्हा वल्लभ बॉयलरपाशी पाना पुसत उभा होता. हा इंजिनियर, दीक्षा घ्यायला म्हणून कोल्हापूरहून आमच्या या बर्फातल्या मठात आलेला. जुना पंप जळाला, तर खालच्या गावातून नवा आणून त्यानं दुपारीच बसवला. गडी हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

“पंपात खोट नाही,” तो म्हणाला.

“मी पंपाचं विचारलं नाही.”



गोदाक्का आमच्या मठाची स्वयंपाकीण. साऱ्या मठाला गरम भाकरी वाढण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि आता छातीत कफ भरून शेवटच्या खोलीत पडलेली. खोली उबदार नसेल तर मी हमी देत नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते.

वल्लभनं नळावर हात ठेवत सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या. परत आला तो चेहरा पाडून.

“बाबा, बॉयलरमधून निघालेलं गरम पाणी आधी तुमची खोली तापवणाऱ्या रेडिएटरला जातं. त्याच्या नळाचा कॉक पूर्ण उघडा आहे. निम्मं पाणी तिथूनच मागं फिरतं. तो आवळल्याशिवाय शेवटपर्यंत काही पोचायचं नाही.”

कोठी सांभाळणारे अण्णा तिथंच होते. ते भडकले.

“जिभेला काही हाड? गुरूंची ऊब कापणार तू?”

आमच्या मठात पहिलं फूल गुरूंना, पहिला घास गुरूंना. तशी पहिली ऊबही. त्या कॉकला अण्णांनी लाल धागा बांधला होता, कुणी फिरवू नये म्हणून. दर गुरुवारी त्याला हळदकुंकू वाहत. हसू नका, मीही वाहिलंय.

वल्लभनं बाबांकडे पाहिलं.

बाबा म्हणाले, “कॉकला हात लावायचा नाही.”

“पण गोदाक्का…”

“उद्या तुझी दीक्षा आहे. गुरूचा शब्द मोडणाऱ्याला इथं दीक्षा मिळत नाही.”

खरं सांगतो, मला त्या क्षणी बाबांचा संताप आला. पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

पलीकडून गोदाक्काची ढास ऐकू आली. थांबेचना.

वल्लभ सरळ बाबांच्या खोलीत शिरला. धागा हिसडून तोडला. कॉक आवळला, नावापुरता उघडा ठेवला. अण्णा आडवे आले, तर त्यांना हातानं बाजूला केलं.

मग आपली बॅग घेऊन आला आणि गळ्यातली माळ काढून बाबांपुढं ठेवली.

“ही घ्या. मोडला शब्द. दीक्षा नको मला.”

“कशासाठी आला होतास, आठवतं?”

“आठवतं. त्यासाठी नोकरी सोडली, घर सोडलं.”

“माफी माग. अजून वेळ गेलेली नाही.”

“नाही मागणार. आणि मी गेल्यावर तो कॉक कुणी उघडला, तर घाट चढून परत येईन आणि पुन्हा बंद करीन. तुम्ही उघडलात तरी.”

त्याची नजर खाली गेली नाही.

बाबा उठले, काठी टेकत शेवटच्या खोलीकडे निघाले. आम्ही मागोमाग.

बाबांनी रेडिएटरवर तळवा ठेवला. खाटेवर गोदाक्कानं तोंडावरची गोधडी खाली सरकवली.

“बाबा, इथं ऊब आली हो,” ती म्हणाली.

“आली ना? झोप आता.”

परत आलो, तोवर बाबांची खोली गार पडत चालली होती. अण्णांचा हात आपोआप कॉककडे गेला. बाबांनी काठी आडवी धरली.

मग वाकून त्यांनी जमिनीवरचा तुटका लाल धागा उचलला आणि वल्लभच्या मनगटावर बांधला. बांधताना त्यांची बोटं थंडीनं थरथरत होती…

“बॅग खाली ठेव. मला थंडी वाजायला लावणारा इतक्या वर्षांत एकही भेटला नव्हता.”