शिंगटीचं वर येणं

नदीला बारा महिने गार पाणी असायचं, तेव्हाची गोष्ट. त्या पाण्यातली एक मिशाळ शिंगटी शेवंताबाईंनी हौसेनं घरी आणली आणि रंगीत माशांच्या काचपेटीत सोडली. शिंगटीला कुणी विचारलं नव्हतं. पेटीतलं पाणी हीटरनं कोमट ठेवलेलं. तिचा जीव घुसमटायचा, म्हणून श्वासासाठी ती सारखी वर येऊन तोंड वासायची.

"ऊब आहे, आयतं खाणं आहे, तरी तुझं रडगाणं," लाल मासा म्हणाला. "सुख टोचतं तुला."

"तुला मानवतं ते मला मानवत नाही रे. मला गार पाणी पाहिजे."

तो शेपटी हलवून निघून गेला. पेटीत तिच्या जातीचं दुसरं कुणीच नव्हतं.

बाई मात्र शेजारणीला सांगायच्या, "मला बघितलं की वर येते. लेकरासारखी माया लागलीय तिला."

एक दिवस वीज गेली आणि पाणी निवलं. शिंगटी तळाशी दगडाआड पहिल्यांदाच निवांत पडली. बाईंनी हाका मारल्या, तरी ती हलली नाही.

"गारठली गं माझी बाय," बाई कळवळल्या. वीज येताच त्यांनी हीटर आणखी वाढवला.

थोड्या वेळानं शिंगटी तोंड वासत वर आली.

"आली बघा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.