शेलारबाईंचं स्टँड

आमच्या सायकल क्लबचे अध्यक्ष मांडके सायकलवर एक ग्रॅमही जादा खपवून घेत नसत. त्यांची स्वतःची कार्बनची सायकल दोन बोटांनी उचलता यायची, आणि ते ती चारचौघांत उचलून दाखवायचेच.

शेलारबाई रोज ज्या सायकलवरून ऑफिसला जायच्या, तीच घेऊन क्लबात येत. तिला मडगार्ड होतं, कॅरियर होतं आणि दोन पायांचं दणकट लोखंडी स्टँड होतं.

कोकण दौऱ्याआधी एका रविवारी पठारावर सराव होता. वर पोचल्यावर टपरीवर चहा-भजी सांगितली. तिथे ना झाड, ना भिंत, आणि खाली नुसता शेणाचा राडा. महागड्या सायकलींना स्टँड नसतं. बाईंची तेवढी उभी होती, म्हणून सगळ्यांनी आपापली सायकल तिलाच टेकवली. पहिली मांडक्यांनी.

भजी हातात आल्यावर मांडके म्हणाले, "शेलारबाई, हे स्टँड म्हणजे नुसतं ओझं आहे. आत्ता इथेच काढा, नाहीतर कोकणात येऊ नका."

बाईंनी वाद घातला नाही. पिशवीतून पाना काढला, सायकलीपाशी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "काढते, साहेब. तुम्ही सगळे फक्त आपापली सायकल धरा."

सगळ्यांच्या एका हातात चहा होता, दुसऱ्यात भजी. कुणी जागचं हललं नाही. सगळे मांडक्यांकडे बघत राहिले.

मांडक्यांनी तोंडातलं भजं सावकाश संपवलं.

"कोकणात तुम्ही सगळ्यांच्या पुढे राहा," ते म्हणाले. "आम्ही पोचायच्या आत तुमची सायकल उभी पाहिजे."