साळुंकीचं पहिलं घरटं

फार मागे, विहिरीवरच्या बाभळीवर एक साळुंकी राहायची. कुणाचं घरटं वाऱ्याने फाटलं की तिलाच हाक जायची. भोक दिसलं की बुजवायचं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण पुढे पाखरं सुगरणीकडून पक्की घरटी विणून घेऊ लागली आणि साळुंकीला हाका येईनाशा झाल्या.

तेव्हा उतारवयात ती तरुण सुगरणीकडे विणकाम शिकायला गेली. पहिली गाठ सारखी सुटायची. सुगरणीची पिल्लं खुदुखुदु हसायची. साळुंकी ऐकून न ऐकल्यासारखं करी आणि पुन्हा गाठ मारी.

अखेर घरटं झालं. आत बसून तिने सवयीने सगळीकडे नजर फिरवली. खाली एक भोक दिसलं. तिने ते गवताने घट्ट बुजवलं.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अगं सुगरणी, बाहेर कुठून यायचं?"

"मावशी, तुम्ही दारच बुजवलंत."

साळुंकी गवत उपसून बाहेर आली. पिल्लांकडे न बघता म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांनी ठेवलेल्या दारांतून ये-जा केली. दार ठेवावं लागतं, हे आज कळलं."

मग तिने दुसरं घरटं विणायला घेतलं. या वेळी सुरुवात दारापासून केली.