घाट न चढणारी गाडी

एकदा एक जुनी गाडी घाटाच्या पायथ्याशी, एका वृद्ध मिस्त्रीच्या गॅरेजसमोर येऊन थांबली. गाडी कसली, चाकांवरचे छोटे घरच होते ते. आत झोपायचा बाक, छोटा ओटा, शेगडीची जागा, खिडक्यांना पडद्यांसाठी दांड्या. दांड्या होत्या, पडदे नव्हते. बाकावर गादी नव्हती आणि ओट्यावर एक पेलासुद्धा नव्हता.

गाडीतून उतरलेले गृहस्थ मोजणी खात्यातून निवृत्त झालेले होते. पत्नीसह देश पाहायचा म्हणून दोघांनी तीन वर्षे खपून ही गाडी सजवली होती. पहिला मुक्काम घाटमाथ्यावर, पत्नीच्या माहेरच्या तळ्याकाठी करायचा, हेही ठरले होते. निघायच्या आधीच ती आजारी पडली आणि सात महिन्यांत गेली. आता गृहस्थ एकटेच तिच्या तळ्याकडे निघाले होते, आणि गाडी घाट चढत नव्हती.

"ही चौथी खेप," ते म्हणाले. "सपाटीला छान चालते. चढ लागला की पिकअप जातो, काळा धूर ओकते. आज चढली तर ठीक. नाही तर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, उद्या घेऊन जाईल."

मिस्त्रीचा शिष्य तिशीतला होता. हात चपळ, जीभ त्याहून चपळ. तो लगेच पुढे झाला. "वस्ताद, तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा ही गाडी मी पाहिलीय. डिझेलचा फिल्टर बदलला. एअर फिल्टर उघडून पाहिला, स्वच्छ होता. इंजिन म्हातारं झालंय, लोड झेपत नाही त्याला. मी सांगितलं होतं यांना, ओझं कमी करा."

"केलं ना," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "तुमच्या आधी दोघांनी तेच सांगितलं. पहिल्यांदा तिचं शिलाई मशीन काढलं. मग भांडी, गादी, पुस्तकांची पेटी. तुमच्याकडे पाटा-वरवंटा ठेवून गेलो. मिक्सरमधली चटणी तिला चालायची नाही, म्हणून दगडाचा पाटा बरोबर घ्यायचा हट्ट होता तिचा. आता माझ्या दोन कपड्यांशिवाय गाडीत काही नाही."

घरीही त्यांना हेच ऐकावे लागले होते. साड्या देऊन टाका, कपाट रिकामे करा, मन हलके होईल. शोकात असलेल्या माणसाला सल्ला देताना आपली जीभ भलतीच सैल सुटते.

वृद्ध मिस्त्रीने एवढेच विचारले, "साहेब, दर खेपेला ओझं कमी केलंत. मग गाडी दर खेपेला थोडी वर गेली असेल?"

"नाही. पहिल्या वळणाशी थांबायची, अजून तिथंच थांबते."

मिस्त्रीने शिष्याकडे एकदा पाहिले. शिष्याने मान खाली घातली.

कोणत्याही गाडीला हत्यार लावण्यापूर्वी तिच्यात बसून थोडे अंतर जायचे, ही त्या वृद्धाची जुनी रीत होती. तो गृहस्थांच्या शेजारी बसला. पहिल्या वळणाच्या अलीकडे तो म्हणाला, "आता पाय दाबा." इंजिन घुसमटले, मागे काळा धूर निघाला. "आता सोडा." इंजिन पुन्हा मोकळे झाले. हे दोनदा करून त्याने गाडी परत आणायला लावली.

मग त्याने सीट उचलली आणि इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपाच्या तोंडात, फिल्टरच्याही अलीकडे, हात घातला. बोटांना काही तरी लागले. त्याने ते बोटभर बाहेर ओढले. निळे कापड होते. वृद्धाने ते नीट पाहिले, आणि होते तसे पुन्हा आत सारले.

शिष्य चक्रावला. "अहो वस्ताद, सापडलं तर काढून टाका ना!"

मिस्त्रीने त्याला गप्प राहायची खूण केली आणि गृहस्थांना बोलावले. "साहेब, इथं हात घाला. जे हाताला लागेल ते तुम्हीच काढा. सावकाश."

गृहस्थांच्या हातात आला तो सुती साडीचा तुकडा. निळ्यावर पांढरे ठिपके, चारी कडा दुमडून बारीक टीप मारलेली. पाइपात ठेवायच्या चिंधीलाही जिने टीप मारली, ती बाई कशी असेल ते वेगळे सांगायला नको.

"मंदाकिनी," ते म्हणाले. तोवर त्यांनी तिचे नाव एकदाही घेतले नव्हते. "गाडी अंगणात उभी राहील, उंदीर शिरतील, असं म्हणत होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इथं काही तरी करत बसली होती. मी विचारलंही नाही." त्यांनी तुकडा तळहातावर पसरला. "तिनं माझ्यासाठी गाडी राखून ठेवली, आणि मी तिचं एकेक सामान रस्त्यावर सोडत आलो."

ते बाजूच्या बाकावर बसून मोकळेपणाने रडले. कोणी त्यांना थांबवले नाही.

शिष्याने हलक्या आवाजात विचारले, "वस्ताद, कापड परत आत का घातलंत?"

वृद्ध म्हणाला, "मी काढलं असतं तर ती तेलकट चिंधी झाली असती, आणि तू ती कचऱ्यात टाकली असतीस. तिनं ठेवलेलं त्यांनीच काढायला हवं होतं. आणि ऐक. हळू चालताना त्या सैल कापडातून हवा जात होती. जोर लावला की कापड आत ओढलं जायचं आणि वाट बंद व्हायची. दम ओझ्यानं जात नव्हता, श्वास अडला होता. माणसाचंही असंच असतं. दु:खात कोणी थकला की आपण त्याला आठवणी उतरवून ठेवायला सांगतो. त्याचा श्वास कुठं अडलाय, हे कोणी हात घालून पाहत नाही."

शिष्य वळला. तो गॅरेजच्या मागे गेला. गृहस्थांनी ठेवलेला पाटा त्याने एका उभ्या ट्रकच्या चाकाला लावला होता, चाक घसरू नये म्हणून. त्याने तो सोडवला, साबणाने घासला. छिन्नीने पाडलेल्या बारीक खाचांत बसलेले काळे तेल काही निघेना. एक कोपरा उडाला होता. वरवंटा तर कुठेच सापडला नाही.

पाटा उराशी धरून तो गृहस्थांसमोर उभा राहिला. "काका, कोपरा गेला. वरवंटाही माझ्याकडून हरवला. माझं चुकलं."

गृहस्थांनी पाट्यावरून तळहात फिरवला. मग ते म्हणाले, "राहू दे. जोडीतलं एक उरलं, तेही खूप झालं."

त्यांनी शेजारच्या सीटवर तो निळा तुकडा अंथरला, त्यावर पाटा ठेवला आणि गाडी सुरू केली. पहिले वळण आले. गाडी थांबली नाही. दुसऱ्या वळणापलीकडून तिचा आवाज येत राहिला, मग तोही डोंगराआड गेला. मागे धूर नव्हता.

पुढे कित्येक दिवस शिष्य गॅरेजमागच्या झुडपांत वरवंटा शोधत असे. तो मिळाला नाही. पण त्यानंतर दमलेली गाडी घेऊन कोणी आले, की तो आधी शेजारी बसतो आणि म्हणतो, "चला, जिथं थांबते तिथवर जाऊ."