सतराचा पाढा

फार पूर्वी, डबक्यांनासुद्धा गावांसारखी नावं असायची तेव्हा, एका तळ्यात बेडकांची शाळा भरायची. शाळा मुलग्यांचीच, कारण बेडकांत डरावतात ते नरच. शिकवायला कासव गुरुजी होते आणि त्यांचा नियम एकच: पाढे सगळ्यांनी मिळून म्हणायचे.

गुबऱ्या बेडकाला हा नियम मुळीच मानवत नव्हता. त्याला सतराचा पाढा येत होता आणि बाकीच्यांना नुसतं ओरडता येत होतं. त्या गलक्यात आपली हुशारी वाया जाते, असं त्याला वाटायचं.

आश्विनात तळ्याचं पाणी उतरलं आणि काठाशी एक बगळा येऊन उभा राहिला. पोरं पटापट गवतात दडली. बगळा गोड आवाजात म्हणाला, "मी शाळा तपासायला आलोय. सतराचा पाढा एकट्याने कोण म्हणेल?"

"गप्प बसा रे," गुरुजी कवचातून पुटपुटले. पण गुबऱ्याने केव्हाच सुरुवात केली होती. बगळा आवाजाच्या रोखाने एकेक पाऊल टाकत निघाला. सतरा सातीपर्यंत त्याची चोच गवतात शिरलीसुद्धा.

तेवढ्यात अख्ख्या वर्गाने तोंड उघडलं. कोणी तेराचा पाढा धरला, कोणी कविता, कोणी नुसतीच हजेरी दिली. बगळ्याने गरगर फिरून चार ठिकाणी चोच मारली, तोंडभर चिखल खाल्ला आणि तपासणी अर्धवट टाकून तो उडून गेला.

गुबऱ्या रडकुंडीला आला होता. "गुरुजी, यांनी माझा पाढा पार चुकवला."

गुरुजींनी मान बाहेर काढून सावकाश डोकी मोजली.

"सगळे आहेत," ते म्हणाले. "म्हणजे उत्तर बरोबर आलं."